कॅथलिक हायस्कूलचे ऋण आणि माजी विद्यार्थ्याची सेवा: तिचे स्वरूप काय असावे?

कृतार्थ (मूळ प्रश्न)

सर्वांना सविनय नमस्कार.

माझे माध्यमिक शिक्षण येशूसंघाच्या (जेझुइट) धर्मगुरूंनी चालवलेल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये झाले. घरच्या परिस्थितीमुळे पूर्ण फी भरणे आम्हाला शक्य नव्हते. शाळेने ती माफ केली, आणि तीही अशा रीतीने की वर्गातल्या एकाही मुलाला त्याचा पत्ता लागला नाही. गणित शिकवणारे फादर शाळा सुटल्यावर आम्हा काही जणांना थांबवून घेत, आणि त्या शिकवण्यामागे त्यांची स्वतःची कोणतीही अपेक्षा नव्हती, हे त्या वयातही आम्हाला कळत असे. पुढे अभियांत्रिकी शिकलो, नोकरी केली, स्वतःचा व्यवसाय उभा केला. आज माझ्याकडे पैसा आहे, थोडाफार वेळ आहे आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा माणसांची ओळखही आहे. यातले पुष्कळसे त्या शाळेमुळे मिळाले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

गेली काही वर्षे मी माजी विद्यार्थी संघाला वार्षिक वर्गणी देतो, परंतु तेवढ्याने समाधान होत नाही. आता काही दीर्घकाळ टिकणारे करावे असे वाटते. ते गणिताचे फादर निवर्तले आहेत, म्हणून त्यांच्या नावाने एक सभागृह बांधून द्यावे असा पहिला विचार होता. नंतर वाटले की सभागृहापेक्षा शिष्यवृत्ती अधिक उचित ठरेल. एका मित्राचे म्हणणे असे की पैसे कोणीही देईल, तू स्वतः जाऊन शिकव.

मी ख्रिस्ती नाही. शाळेने मला कधीही परके मानले नाही, परंतु धर्मसंस्थेच्या शाळेची सेवा करताना माझ्यासारख्याचे स्थान नेमके काय, ती संस्था आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहते, आणि दिलेला निधी ज्या हेतूने दिला त्याच हेतूसाठी वापरला जाईल याची हमी कशी मिळते, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी अशा शाळांत शिकवले आहे, त्यांचे व्यवस्थापन पाहिले आहे किंवा त्यांच्या इतिहासाचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

ग्रंथपाल

कृतार्थ, आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन गोष्टींविषयी मी लिहितो. हिशेबाची बाजू माझ्यापेक्षा जाणकार व्यक्तीने सांगावी.

आपल्या शाळेची परंपरा जिथून सुरू झाली तिथून आरंभ करणे मला आवश्यक वाटते, कारण कृतज्ञता हा त्या परंपरेत वरवरचा शिष्टाचार नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 1542 साली आपले सहकारी सिमाव रॉड्रिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात कृतघ्नतेला अत्यंत घृणास्पद पाप म्हटले आहे आणि सर्व पापांचा उगम तिच्यात आहे असे मत मांडले आहे. संघाने सर्वसामान्य मुलांसाठी पहिली मोठी शाळा 1548 साली सिसिलीतील मेसिना येथे काढली. 1551 साली रोममध्ये शाळा उघडली, तेव्हा तिच्या दारावर व्याकरण, मानव्यविद्या आणि ख्रिस्ती सिद्धान्त यांचे शिक्षण येथे विनामूल्य मिळेल अशी पाटी लावली होती. विनामूल्य शिक्षण द्यायचे तर खर्चाची तरतूद दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. रोमच्या त्या शाळेसाठी प्रारंभी मोठी मदत केली ती गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया यांनी, आणि हेच बोर्जिया पुढे संघात प्रविष्ट होऊन त्याचे तिसरे महाप्रमुख झाले. आपली फी ज्या व्यवस्थेतून माफ झाली, तिचे मूळ असे पावणेपाचशे वर्षे मागे जाते: कोणीतरी अपरिचित माणसाने आधी देऊन ठेवले होते, म्हणून आपल्याला शिकता आले.

आता एक गोष्ट मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते तिच्यातच आहे. इग्नेशियस यांनी संघाची जी घटना लिहिली, तिचा चौथा भाग शिक्षणाविषयी आहे. या भागाचा आरंभ अभ्यासक्रमाने किंवा शिस्तीच्या नियमांनी होत नाही. तो महाविद्यालयांचे संस्थापक आणि उपकारकर्ते यांच्या स्मरणाने होतो. त्यांच्यासाठी मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) अर्पण करावी, प्रार्थना करावी आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी संस्थापकाला किंवा त्याच्या वंशजाला कृतज्ञतेचे चिन्ह म्हणून एक मेणबत्ती द्यावी, असे तेथे सांगितले आहे. त्यालाच जोडून असेही स्पष्ट केले आहे की या मेणबत्तीमुळे दात्याला किंवा त्याच्या वारसांना संस्थेवर अथवा तिच्या मालमत्तेवर कोणताही हक्क प्राप्त होत नाही. उपकाराची आठवण पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची आणि मालकी मात्र कोणालाही द्यायची नाही, हे दोन्ही नियम एकाच ठिकाणी, एकाच श्वासात आले आहेत. शाळेने आपल्यावर केलेल्या उपकारालाही हेच लागू होते. तिने आपल्याला घडवले, परंतु त्याबद्दल आपल्यावर हक्क सांगितला नाही. म्हणून आपल्या सेवेनेही शाळेवर हक्क सांगू नये, असे मला मनापासून वाटते. ज्या देणगीमुळे मुख्याध्यापकांना पुढील प्रत्येक निर्णय घेताना दात्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, ती देणगी कितीही मोठी असली तरी शाळेवरचे ओझेच ठरते.

याचे एक उत्तम उदाहरण न्यूयॉर्कमधील रेजिस हायस्कूलचे आहे. येशूसंघाची ही शाळा 1914 साली सुरू झाली. तिच्या स्थापनेसाठी आणि मुलांकडून फी न घेता ती चालवण्यासाठी लागणारा निधी शहराचे माजी महापौर ह्यू ग्रँट यांच्या पत्नी ज्युलिया ग्रँट यांनी पतीच्या निधनानंतर दिला, आणि तो देताना आपले नाव प्रकट होऊ नये अशी इच्छा व्यक्त केली. शाळेत कित्येक वर्षे त्यांचा उल्लेख केवळ ‘संस्थापिका’ असा होत असे. पुढे केवळ मूळ निधीवर खर्च भागेनासा झाला, तेव्हा त्याच शाळेतून विनामूल्य शिकून गेलेल्या माणसांनी तो भार आपल्या खांद्यावर घेतला, आणि आजही तेथे शिक्षणशुल्क आकारले जात नाही. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची याच शाळेतून 1958 साली उत्तीर्ण झाले. येशूसंघाच्या शिक्षणातून विचारांची शिस्त आणि लोकसेवेची ओढ मिळाली, असे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. त्यांचे उदाहरण मी एवढ्याचसाठी देतो की सार्वजनिक कार्यात घालवलेले आयुष्य हीसुद्धा शाळेची सेवाच आहे, मग त्या माणसाच्या नावाची फरशी शाळेत कोठे बसवलेली असो वा नसो.

शाळा आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे कसे पाहते, याचे सर्वांत थेट उत्तर 31 जुलै 1973 रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे मिळाले. युरोपातील येशूसंघीय शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संमेलन भरले होते. व्यासपीठावर तत्कालीन महाप्रमुख फादर पेद्रो अरुपे होते. 1945 साली हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्या शहराच्या परिसरातच होते आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेले असल्यामुळे त्यांनी जखमींची शुश्रूषा केली होती. श्रोत्यांत सुस्थित, प्रतिष्ठित माणसे मोठ्या संख्येने होती. अशा सभेत अरुपे यांनी प्रश्न उपस्थित केला की आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटण्याचे शिक्षण दिले आहे काय, आणि उत्तरही स्वतःच दिले की नाही, आम्ही ते दिलेले नाही. यापुढे इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच आमच्या शिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. कित्येकांना ते भाषण रुचले नाही, परंतु संघाच्या शाळांनी तेव्हापासून तेच शब्द आपले ब्रीद म्हणून स्वीकारले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला किती दिले, हा प्रश्न त्या भाषणाच्या केंद्रस्थानी नव्हता. शाळेबाहेरच्या वंचित माणसासाठी ते काय करत आहेत, हा होता.

आपण ख्रिस्ती नसल्याबद्दल संकोच बाळगू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या महासभेने, 1965 साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात कॅथलिकेतर विद्यार्थीही ज्या कॅथलिक शाळांत शिकतात त्या शाळा ख्रिस्तसभेला (चर्चला) विशेष प्रिय आहेत असे नमूद केले आहे. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावरही शिक्षकांनी सल्ला, मैत्री आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघटना यांच्याद्वारे त्यांना साहाय्य करत राहावे, असे त्याच जाहीरनाम्यात शिक्षकांना सांगितले आहे. म्हणजे आपले नाते शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर संपलेले नाही, हे शाळेच्या बाजूनेही मान्य आहे. आपण शाळेच्या धार्मिक स्वरूपाचा आदर ठेवावा, ते बदलावे अशी अपेक्षा धरू नये, आणि नि:शंक मनाने पुढे जावे.

ताळेबंद

ग्रंथपाल यांनी हिशेबाची बाजू मोकळी ठेवली आहे. एका कॅथलिक शिक्षणसंस्थेच्या लेखाविभागात मी दीर्घकाळ काम केले असल्यामुळे ती मांडण्याचा प्रयत्न करतो.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की आपण शिकत होतो तेव्हाच्या शाळेचे अर्थकारण आणि आजच्या शाळेचे अर्थकारण यांत मूलभूत फरक पडलेला असण्याचा संभव फार मोठा आहे. आपल्या गणिताच्या फादरांना पगार नव्हता, किंवा जो होता तो त्यांच्या संघाच्या सामाईक निधीत जमा होत होता. फादर, ब्रदर आणि सिस्टर यांचे ते विनावेतन किंवा अल्पवेतन श्रम हीच कॅथलिक शाळांची सर्वांत मोठी देणगी होती, जरी ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नसे. अमेरिकेतील आकडे या बाबतीत बोलके आहेत. 1950 च्या सुमारास तेथील कॅथलिक शाळांत सुमारे 90 टक्के शिक्षक व्रतस्थ किंवा धर्मगुरू होते. आज ते प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्या शाळांत 52 लाखांहून अधिक विद्यार्थी होते, आणि आज ते 17 लाखांच्या घरात आहेत. या घटीची कारणे अनेक आहेत, परंतु संसारी शिक्षकांना योग्य वेतन देणे अपरिहार्य झाले, त्यामुळे फी वाढली, आणि ज्या श्रमिक कुटुंबांसाठी या शाळा उभ्या राहिल्या त्यांनाच ती परवडेनाशी झाली, हे त्यांतले एक प्रमुख कारण आहे.

म्हणून सभागृहाविषयी माझे मत स्पष्ट आहे: शाळेने स्वतः मागितल्याशिवाय ते बांधून देऊ नये. इमारतीचा खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही. वीज, साफसफाई, रंगरंगोटी, छताची गळती, विमा हे सारे पुढे दरवर्षी शाळेच्या चालू खात्यातून जाते, म्हणजे शेवटी मुलांच्या फीमधून जाते. बांधकामाबरोबर देखभालीसाठी स्वतंत्र रक्कम ठेवणारा दाता मला क्वचितच भेटला.

शिष्यवृत्तीसाठी कायम निधी उभारणे हा उत्तम मार्ग आहे. मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि दरवर्षी साधारणपणे तिच्या 4 ते 5 टक्के इतकाच भाग खर्च केला जातो, जेणेकरून महागाई वाढली तरी निधीचे मोल टिकून राहील. याचा दुसरा अर्थ असा की एका मुलाची पूर्ण फी कायमची भरायची असेल, तर वार्षिक फीच्या 20 ते 25 पट रक्कम बाजूला ठेवावी लागते. हे गणित अनेक दात्यांना आधी सांगितले जात नाही आणि मग अपेक्षाभंग होतो. तेवढी रक्कम एकदम देणे शक्य नसेल, तर आज शिकत असलेल्या मुलांची फी दरवर्षी भरावी आणि कायम निधी हळूहळू वाढवावा. आणखी एक सूचना: शिष्यवृत्तीत गणवेश, पुस्तके, सहली आणि परीक्षाशुल्क यांचा समावेश असावा, कारण फी माफ झालेला मुलगा बहुधा सहलीच्या दिवशी ओळखू येतो. आपल्या शाळेने जी गुप्तता पाळली ती आपल्याला इतकी मोलाची वाटते, तर ती पुढच्या मुलालाही मिळेल अशी व्यवस्था करून द्यावी. शिष्यवृत्तीधारकाचे छायाचित्र आणि आभारपत्र मागण्याची प्रथा मला त्याच कारणासाठी मान्य नाही.

आता हमीविषयी. देशाचा कायदा आपल्या जागी लागू असतोच, परंतु कॅथलिक संस्थांना ख्रिस्तसभेची स्वतःची धर्मसंहिताही बंधनकारक असते. 1983 साली लागू झालेल्या संहितेतील कलम 1267 नुसार, विशिष्ट हेतूने दिलेली देणगी त्याच हेतूसाठी वापरता येते, आणि कलम 1300 नुसार धर्मादाय कार्यासाठी दिलेल्या मालमत्तेविषयी दात्याने व्यक्त केलेली व रीतसर स्वीकारली गेलेली इच्छा अत्यंत काटेकोरपणे पाळावी लागते. कलम 1267 मध्येच असेही म्हटले आहे की संस्थाप्रमुखाच्या हाती दिलेली देणगी, अन्यथा सिद्ध होत नसेल तर, त्या व्यक्तीला नव्हे, संस्थेला दिली असे मानले जाते. मात्र अटी घालून दिलेली देणगी स्वीकारण्यापूर्वी कित्येकदा बिशपांची किंवा संघाच्या प्रांतप्रमुखांची लेखी परवानगी लागते. त्यामुळे उत्तरास विलंब झाला तर त्यात अनास्था आहे असे समजू नये. अटी मोजक्या ठेवाव्यात, लेखी कराराशिवाय रक्कम देऊ नये, आणि मूळ हेतू पुढे निरर्थक ठरला तर सर्वांत जवळच्या हेतूसाठी निधी वापरण्याची मुभा त्या करारातच द्यावी. एखाद्या विशिष्ट यंत्राच्या प्रशिक्षणासाठी दिलेला निधी, ते यंत्र कालबाह्य झाल्यानंतर, कोणाच्याच उपयोगी न पडता खात्यात पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

वर्गशिक्षिका

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु कृतार्थ यांच्या मित्राचे म्हणणे मागे पडू नये म्हणून लिहिते. एका कॅथलिक हायस्कूलमध्ये मी निवृत्तीपर्यंत शिकवले. यशस्वी माजी विद्यार्थ्याकडे पैशाखेरीज जे असते त्याची शाळेला किती गरज असते, हे शिक्षक जितके जाणतात तितके बाहेरचे क्वचितच जाणतात.

वार्षिक समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून येऊन आपल्या यशाची कहाणी सांगणारे पुष्कळ असतात. मुले टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. याउलट जो माजी विद्यार्थी दर महिन्याला ठरलेल्या दिवशी येतो, नववी-दहावीच्या काही मुलांबरोबर बसतो, पुढे काय शिकता येईल हे त्यांच्या पालकांनाही समजेल अशा शब्दांत सांगतो आणि पुढची काही वर्षे त्या मुलांच्या संपर्कात राहतो, त्याच्यामुळे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलांचे आयुष्य बदललेले मी पाहिले आहे. अशा घरांत हुशारीची उणीव नसते. कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, अर्ज केव्हा करावा, कर्ज कसे मिळते, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे माणूस त्यांच्या नात्यात कोणी नसते. ती उणीव आपण भरून काढू शकता.

आपला स्वतःचा व्यवसाय आहे, म्हणून आणखी एक मार्ग आहे. शिकागोमध्ये 1996 साली येशूसंघाने क्रिस्तो रे नावाचे हायस्कूल सुरू केले, ते मुख्यतः स्थलांतरित कष्टकरी कुटुंबांतील मुलांसाठी. फी परवडणार नाही हे आरंभीच स्पष्ट असल्यामुळे तेथे अशी योजना केली की प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून पाच दिवस एखाद्या कार्यालयात काम करील, चार विद्यार्थी मिळून एक पूर्णवेळ जागा सांभाळतील, आणि त्या जागेचा मोबदला त्यांच्या शिक्षणखर्चात जमा होईल. पुढे याच पद्धतीच्या शाळांचे जाळे अमेरिकेत पसरले. जशीच्या तशी ही योजना सर्वत्र चालणार नाही, बालकामगारविषयक कायदे देशोदेशी वेगळे आहेत. परंतु आपल्या कार्यालयात शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांना सुट्टीत काम पाहू देणे आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेणे आपल्याला सहज शक्य असावे.

डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या सालेशियन संघाच्या परंपरेतला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. इटलीतील तुरीन शहरात डॉन बॉस्को यांनी अनाथ आणि निराधार मुलांना आसरा दिला, हुन्नर शिकवले. 24 जून 1870 रोजी, त्यांच्या नामदिनी (ज्या संताचे नाव धारण केले त्याच्या सणाच्या दिवशी), कार्लो गास्तिनी यांच्या पुढाकाराने काही माजी विद्यार्थी कॉफीच्या कपांची साधीशी भेट घेऊन त्यांच्याकडे गेले. गास्तिनी हे स्वतः लहानपणी न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करत असताना डॉन बॉस्को यांना भेटलेले, आणि पोरके झाल्यावर त्यांच्याच आश्रयाने वाढलेले. ती मंडळी दरवर्षी येऊ लागली, त्यांतून माजी विद्यार्थ्यांची संघटना आकाराला आली, 1911 साली तुरीनमध्ये तिचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन झाले आणि आज ती संघटना जगभर पसरलेली आहे. सालेशियन संघाच्या घटनेत माजी विद्यार्थ्यांना, त्यांनी घेतलेल्या शिक्षणाच्या नात्याने, सालेशियन कुटुंबाचे सदस्य मानले आहे. ती भेट देणारे श्रीमंत नव्हते, परंतु ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

एक महत्त्वाची गोष्ट. शाळेत मुलांमध्ये काम करायचे ठरवले तर पार्श्वभूमीची चौकशी, बालसुरक्षेचे प्रशिक्षण, मुलांशी एकट्याने बंद खोलीत न भेटण्याचा नियम, हे सारे आपल्यालाही लागू होईल. अमेरिकेतील बिशपांनी 2002 साली डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यानंतर तेथील कॅथलिक शाळांत हे नियम स्वयंसेवकांनाही बंधनकारक झाले, आणि इतरत्रही तसेच नियम आले आहेत. मोठ्या दात्यासाठी त्यात सवलत मागू नये आणि शाळेने देऊ केली तरी घेऊ नये.

मनस्विनी

वर्गशिक्षिकांनी बालसुरक्षेचा उल्लेख केला, त्यात थोडी भर घालते. आपल्याच शाळेतून शिकलेल्या सर्वांच्या मनात कृतज्ञता असेलच असे नाही. कॅथलिक संस्थांमध्ये मुलांवर अत्याचार झाले आणि ते दडपले गेले, हे अनेक देशांत अधिकृत चौकशीतून सिद्ध झाले आहे. आयर्लंडमधील 2009 चा अहवाल त्याचे ठळक उदाहरण आहे. माजी विद्यार्थी संघात ज्याच्या शब्दाला मान आहे, अशा माणसाने व्यवस्थापनाला हे विचारणे अगत्याचे आहे की तक्रार आली तर ती कोण ऐकतो, ती पोलिसांपर्यंत जाते काय, आणि जुन्या तक्रारदारांशी शाळा आज कशी वागते. ज्यांना त्या वास्तूत दुःख मिळाले त्यांना संमेलनाच्या भाषणातून कृतज्ञतेचे धडे देऊ नयेत. त्यांनी बोलायचे ठरवले तर त्यांच्या शेजारी उभे राहणे हीही शाळेची सेवा आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सभागृहापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

कृतार्थ

सर्वांनी इतक्या आस्थेने आणि तपशिलाने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. सभागृहाचा विचार मी सोडून दिला आहे. गुप्तता राखून, सर्व खर्चांसह शिष्यवृत्ती आणि तिच्याबरोबर मार्गदर्शनासाठी नियमित वेळ, असा आराखडा मनात तयार होत आहे. मनस्विनी यांनी सुचवलेले प्रश्न मी व्यवस्थापनाच्या पुढील भेटीतच विचारणार आहे. ताळेबंद यांना एकच विचारायचे आहे: शिष्यवृत्तीला फादरांचे नाव द्यावे अशी माझी इच्छा आहे. हीसुद्धा एक अट ठरते काय? आणि विद्यार्थी निवडताना माझा सहभाग असावा काय?

ताळेबंद

नाव देणे ही अट ठरते, परंतु ती निरुपद्रवी अट आहे. फादर येशूसंघाचे सदस्य होते, म्हणून नाव देण्यापूर्वी संघाच्या प्रांतप्रमुखांची आणि त्यांचे निकटचे नातेवाईक हयात असल्यास त्यांची संमती घ्यावी. मनस्विनी यांनी मांडलेला मुद्दा लक्षात घेता, कोणाचेही नाव कायमचे जोडण्यापूर्वी त्या व्यक्तीविषयी कधी तक्रार आली होती काय, हे शाळेने आपल्या नोंदी तपासून लेखी कळवावे असा आग्रह धरावा. यात त्यांच्या स्मृतीचा अनादर होत नाही, उलट नाव नि:शंकपणे घेता येते.

निवडीत आपण सहभागी होऊ नये. निकष एकदाच लेखी ठरवून द्यावेत. त्यांत आर्थिक गरज प्रथम असावी आणि गुणांची अट सौम्य असावी, कारण ज्या मुलाला घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याचे गुण सुरुवातीला कमीच दिसतात. त्यानंतरची निवड मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि शाळेबाहेरची एक व्यक्ती यांच्या समितीवर सोपवावी. आपल्याला दरवर्षी निधीचा लेखापरीक्षित हिशेब आणि किती विद्यार्थ्यांना लाभ झाला एवढी संख्या मिळावी, नावे मागू नयेत. ज्या मुलांना आपण स्वतः मार्गदर्शन कराल ती शिष्यवृत्तीधारक आहेत की नाहीत, हे आपल्याला ठाऊकच नसावे, अशी व्यवस्था शाळेला सांगून करून घेता येते. कराराचा मसुदा तयार झाल्यावर, नावे वगळून, येथे मांडलात तर मी तो कलमवार पाहून देईन.